गिरकीतला फोटो

गिरीशकाकांचा हिशेब सरळ होता: अस्मिताच्या लावणीचा एक झकास फोटो निघाला, की मंडळाच्या दिवाळी अंकाचं कव्हर त्यांचं. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या हॉलमध्ये कार्यक्रम संपला आणि अस्मिताने नऊवारीतच त्यांना जेवणाच्या रांगेत गाठलं. मागे उभ्या वैदेहीने रिकामी प्लेट सावरत कान टवकारले.

“काका, दाखवा ना!”

“एडिट करून पाठवतो गं.”

“अहो, द्या इकडे तो कॅमेरा. हा धूर कसला?”

“धूर नाही, तू आहेस. गिरकी घेतलीस ना.”

“आणि हा?”

“तोही तूच. स्टेजवर अंधार, म्हणून शटर हळू ठेवलं. मग हलेल तो पुसला जातो, स्थिर बसेल तो स्वच्छ येतो. जरा सावकाश नाचायचं होतंस.”

“लावणी? सावकाश? थांबा, विंगेत हा कोण एवढा स्वच्छ आलाय?”

“कुठे? पुढचा बघ तू.”

“पुढच्यातही हाच, तोंड उघडं टाकून! यशोधन, इकडे ये. काय नवरोबा, पडदा ओढायला बसला होतात ना? कशी झाली माझी लावणी?”

“ऑसम, यार! पापणी लवली नाही माझी.”

“मिटलेली लवणार कशी? काका, कव्हरला हाच द्या.”

दिवाळीत कव्हर काकांचं झालं, वाहवा अस्मिताला मिळाली आणि वैदेहीला वर्षभर सांगायला गोष्ट. किंमत तेवढी यशोधनने मोजली, तीही झोपेत.