डावी कूस

...नाही पण तुम्हीच सांगा, चार महिने बायकोची पाठ बघत झोपलेल्या माणसानं काय करावं? दवाखान्यातल्या बाईंनी यादिराला सांगितलं, पोट मोठं झालं की डाव्या कुशीवर झोप, बाळाला रक्त नीट जातं. झालं, ती वळली डावीकडे आणि मी कुठं? उजवीकडे. म्हटलं, मी येतो त्या बाजूला, तर म्हणते, "नको एलिएसेर, तू तोंडावर घोरतोस."

बरं, आता आमच्या बारांकिया शहरात मासेवालीसुद्धा गिऱ्हाइकाला 'माझ्या राजा' म्हणते, मीही तिला 'माझ्या राणी' म्हणतो, त्यात काही नसतं, हे मला कळतं... पण सिझेरियनच्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीत तो विल्फ्रिदो नावाचा नर्स, रुंद खांद्यांचा, माझ्या बायकोसमोर उभा राहून म्हणतो, "माझ्या राणी, माझ्या गळ्यात हात टाक, पाठ मांजरीसारखी बाकदार कर." आणि तिनं टाकले! भुलीच्या डॉक्टरीणबाई नुबिया मागून कण्यात सुई देताहेत, आणि मी कोपऱ्यात टोपी घालून उभा. लग्नात नाचतानासुद्धा मला एवढं घट्ट धरलं नव्हतं हो!

मग तिला आडवी केली, उजव्या कमरेखाली चादरीची गुंडाळी, टेबल कललं, कुठं? डावीकडे. तिकडे कोण? विल्फ्रिदो. मला स्टूल दिलं उजवीकडे.

मी मनात त्याच्या खांद्यांना शिव्या देतोय, तोवर यादिरा म्हणाली, "मळमळतंय," आणि तिचे ओठ पांढरे पडले... नाडीच्या यंत्राचा सूरच बदलला. नुबियाबाई शांतपणे म्हणाल्या, "प्रेशर उतरलं, बाळाचा भार मोठ्या शिरेवर येतोय, आणखी डावीकडे." त्यांनी सलाइनमधून औषध सोडलं, विल्फ्रिदोनं दोन्ही हातांनी पोट तिकडे सारून धरलं, आणि तुम्हाला सांगतो, मीच म्हणालो, "अजून घ्या, दादा, अजून डावीकडे, हवं तर पुन्हा मिठी मारू द्या तिला..."

ती शुद्धीवर आहे का बघायला त्यानं विचारलं, "माझ्या राणी, नवरा कुठंय तुझा?"

डोळे मिटूनच म्हणाली, "पाठीमागं. तो तिथंच असतो."

मी टोपी डोळ्यांवर ओढली. दिवे फार प्रखर असतात तिथं.

मुलगी झाली, छान झाली. आता ती झोपते आईच्या कुशीत. कुठल्या, ते विचारू नका.

बाप्तिस्म्याला धर्मपिता कोण करायचा, यावर यादिरानं माझं मत विचारलं आणि स्वतःच सांगितलं, विल्फ्रिदो. म्हणजे आता तो जन्मभराचा आमचा घरचा माणूस, दर रविवारी जेवायला. चर्चच्या दारात फोटोला सगळे उभे राहिलो, तो तिच्या डावीकडे, लेक त्याच्या हातात... फोटोवाला मला म्हणाला, "माझ्या राजा, तू जरा उजवीकडे सरक."

सरकलो. सवय आहे.