परात पुढे सरकते

— नाही हो नाथाजीराव, एक किलो पुरे, फक्त घट्ट बांधा, सांगलीच्या एसटीनं पार्सल पाठवायचंय. वर लिहा — क्रांती मॅडम. माझी विद्यार्थिनी, आज तिचा निवृत्तीचा सत्कार आहे. मी? मी कुठला जातोय, गुडघे — म्हणजे गुडघे बरे आहेत तसे, इथवर चालतच आलो.

हसाल तुम्ही, पण आपल्या प्रत्येक पेशीत असं एक पेढ्याचं दुकान असतं — जवळजवळ प्रत्येक, तांबड्या रक्तपेशीत नसतं — गॉल्जी म्हणतात त्याला. चपट्या पराती, एकीपुढे एक. प्रथिन आत आलं की त्याला साखर लागते, जास्तीची छाटतात, दुसरी लावतात, मग पत्ता आणि रवानगी. मी बत्तीस वर्षं शिकवलं, पराती हलत नाहीत, माल वाट्या-वाट्यांनी या परातीतून त्या परातीत जातो. आणि या पोरीनं अठ्ठ्याऐंशी साली पेपरात लिहिलं — परातच पुढे सरकते, सरकता सरकता पिकते, आणि वाट्यांत बसून मागे जातात ते साखर लावणारे कारागीर, म्हणजे एन्झाइम. पंधरापैकी शून्य दिलं मी. लाल शाईनं लिहिलं, 'हे पेशीशास्त्र आहे, गुऱ्हाळ नाही.' घरचं गुऱ्हाळ होतं तिच्या, उंब्रजला. वर्गात वाचूनही दाखवलं. सगळे हसले. तीही हसली — तेच आठवतं.

मग दोन हजार सहा साली लोकांनी यीस्टच्या पेशीत रंग लावून डोळ्यांनी पाहिलं — हिरवी परात बघता बघता लाल झाली. भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही म्हणा, पण शून्य? शून्य नव्हतं हो ते. कळवायला हवं होतं. पत्ता नव्हता माझ्याकडे — होता, पत्ता होता. तो पेपरही आहे, ह्या पिशवीत. पेढ्यांच्या खाली घाला. म्हणजे पेढे संपतील तेव्हा दिसेल, तोवर मी —

काय म्हणालात? 'अजून वाटीच पाठवताय की सर, परात जागेवरच'?

...लक्ष देऊन ऐकत होतात तर.

सोडा ती दोरी. नाव खोडा वरचं, पार्सल नको. सांगलीची गाडी कितीला — सव्वादहा? छत्री कुठं ठेवली मी? पेपर खाली नको, वर ठेवा. नको, हातातच द्या. व्हा बाजूला जरा, जाऊ द्या मला.