आमच्या ट्रकचा दसरा

आमच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, तो जुना ट्रक कसा रुसायचा ते ऐका. म्हसावदहून पपई भरून निघाला की अक्कलकुव्याच्या अलीकडे कुठेतरी बंद पडायचा. आबा उतरायचे, बिडी ओढायचे, आणि बिडी संपली की ट्रक काही झालंच नाही अशा थाटात सुरू. गॅरेजात नेला की मात्र एकदम शहाणा. मिस्तरीनं डिझेल फिल्टर बदलला, पंप खोलला, तरी तेच. मागे पपई पिकत चाललेली, व्यापारी फोनवर ओरडतोय आणि आबा म्हणतात, "बिडी पिऊ दे, चालू हुई जाई."

शेवटी मिस्तरीलाच मी भरल्या ट्रकमध्ये सोबत बसवलं. ट्रक बंद पडला तशी त्यानं टाकीतली डिझेल ओढणारी नळी बाहेर काढली. नळीच्या तोंडाला आपट्याचं पान. इंजिननं डिझेल ओढलं की ते चिकटायचं, इंजिन थांबलं की सुटून पडायचं.

"हाई टाकीमा कोन टाकं?" मिस्तरीनं विचारलं.

"मी," आबा शांतपणे म्हणाले. "दसराले घरमा सर्वासले सोनं दिधं, मंग गाडीनाच काय गुन्हा शे?"

मिस्तरीनं हात जोडले. "आबा, आते टाकीमा काहीच टाकू नका."

आबांनी शब्द पाळला. यंदाचा दसरा झाला, तरी ट्रक एकदाही बंद पडला नाही. नुसता तापतो. रेडिएटरचं झाकण उघडायची माझी हिंमत होत नाही.