गावाहून आल्यावरची चाचणी

मी, निकिता कोंडीराम लोहकरे, वय २० वर्षे, जमात महादेव कोळी, व्यवसाय शिक्षण (नर्सिंग, दुसरे वर्ष), राहणार आदिवासी मुलींचे वसतिगृह, वारजे, पुणे. मूळ गाव तालुका आंबेगाव. आज दि. १२/०५/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

वरील वसतिगृह एक खासगी संस्था चालवते. मी तेथे दोन वर्षांपासून राहते. आठवड्याहून जास्त दिवस गावी राहून आलेल्या मुलीने गरोदर नसल्याचा दाखला दवाखान्यातून आणायचा, मगच खोलीची किल्ली मिळते. ही चाचणी मी यापूर्वी तीन वेळा केली. तिसऱ्या वेळी केसपेपरच्या खिडकीतून "लग्न झालंय का?" असे मोठ्याने विचारले. मागे रांग होती. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

यंदा हिरडा गोळा करायला मी दहा दिवस गावी होते. आज सकाळी ९.३० वा. आई सुंदराबाई हिच्यासह परत आले. रेक्टर शैला मॅडम यांनी दाखला मागितला. मी आणणार नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या भल्यासाठीच आहे. उद्या काही निघालं तर नाव आमचं जातं." याच संस्थेच्या शेजारच्या होस्टेलमधल्या मुली आदिवासी नाहीत. त्याही गावी जाऊन येतात, त्यांना हे विचारतात का, असे मी विचारले. "त्यांचं वेगळं," असे उत्तर मिळाले.

आई म्हणाली, "दहा दिस माझ्यासंगं रानात व्हती. तिची झडती घ्यायची तर आधी माझी घ्या." मॅडमनी दार लावून घेतले. माझे हॉल तिकीट खोलीत आहे. पेपर उद्या सकाळी दहाला आहे.

पेशंटला विचारल्याशिवाय सुईसुद्धा टोचायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला कधी कोणी विचारले नाही. तीन वेळा मी गप्प बसले, याचा मला स्वतःचाच राग येतो.

जबाब घेणारे हवालदार संभाजी शेलार यांनी हा प्रकार "गैरसमजातून" घडला असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. चाचणी करून निगेटिव्ह रिपोर्ट जोडा, तक्रार भक्कम होईल, असे त्यांनी सुचवले. मी रिपोर्ट जोडणार नाही. तो काय येईल हेही सांगणार नाही. पॉझिटिव्ह आला असता तरी खोली माझीच असती आणि तक्रारही हीच असती.

जबाब मला व आईला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. किल्ली मिळेपर्यंत आम्ही दोघी ठाण्यातल्या बाकावरून उठणार नाही, हेही माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले आहे.