कडीची उंची

– नाही, तसं नाही चालत, इंजिन बंद कर आधी. चालू इंजिनाखाली मी डोकं घालत नाही, कुणाच्याच नाही, पाद्रीबुवांनी आणला ट्रॅक्टर तरी नाही. हां, आता कसं. उतर खाली. बूट बघू? बरोबर, बंद बूट. सकाळी तो स्कोगनचा थोरला चपला घालून आला होता – चपला! म्हटलं बाबा रे, तू समुद्रावर निघालायस की ट्रॅक्टरने वजनाचा गाडा ओढायला? तो हसला. मी नाही हसलो. लोकांना वाटतं म्हातारा ऑर्लिन खडूस झालाय, नियमांचं पुस्तक खाऊन बसलाय. वाटू दे. मैदानाच्या तोंडाशी मी बसलोय, तपासून माझ्या खडूची खूण लागल्याशिवाय ट्रॅक्टरला गाड्याची चेन लागत नाही – तुलाही नाही, कॅरिन. मर्विनची मुलगी असलीस तरी. उलट म्हणूनच.

रंग छान दिलायस गं. नाही, खरंच. तुझ्या बापाने आयुष्यात त्याला रंग दिला नव्हता, म्हणायचा रंगाने काय ओढ वाढते का. कोठारातनं बाहेर काढलास हेच पुष्कळ. तिकडे लाल ट्रॅक्टरवाले सगळे वळून वळून बघतायत, बघितलंस? दोन वर्षांनी हा मैदानात दिसला ना, म्हणून. काही जण टोप्या काढतात. मला आपलं वाटलं सांगावं – कुणी गप्प झालं तुला बघून तर वाईट वाटून घेऊ नकोस, लोकांना काय बोलावं कळत नाही.

चला. सीट घट्ट. आग विझवायचं नळकांडं – आहे. पुढची वजनं नुसती टांगून नाही ना ठेवलीस? बोल्टने बसवलीयस, शाब्बास, मागे एकाचं वजन सुटून चाकाखाली आलं होतं. इंजिन बंद करायची दोरी – ओढून दाखव. ओढ ना जोरात, घाबरतेस काय, ओढायलाच आहे ती. ट्रॅक्टर गाड्यापासून सुटला की ही ओढली जाणार आणि इंजिन मरणार. बरं. मागचे दांडे. हे नवीन केलेस? कुणी, तुझ्या ब्रेटने? जोड बरे मारलेत पोराने. हे दांडे आम्ही मर्विननंतर सक्तीचे केले, माहितेय ना तुला, त्याच हिवाळ्यात. पुढची चाकं उचलली की मागे हे टेकायचे आणि ट्रॅक्टर उलटायचा नाही. हा एवढा एक बोल्ट रंगवायचा राहिला वाटतं? गाड्याची चेन अडकते त्या कडीचा. सगळं हिरवंगार आणि हा एकटा गंजका. – अच्छा. – अच्छा, मुद्दाम. त्याने आवळलेला आहे म्हणून. बरं. बरं. काही हरकत नाही. मी आपलं विचारलं.

थांब, फळी सरकवतो खाली, सपाट जागेवरच मापायला हवं. कडीची उंची, वीसच्या वर चालत नाही… वीस इंच. बरोबर वीस. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. छान जमवलंस. – फारच छान जमवलंस.

टायरला काय झालंय?

मी टायर बघतोच गं, सगळ्यांचे बघतो. नियमात नाहीये, बरोबर आहे, नियमात टायर कुठेच नाहीत, पण अंगठा माझा आहे, तो मी कुठेही लावीन. हे बघ, जमिनीपाशी कसं पोट सुटलंय. भाकरीच्या पिठासारखं दबतंय. – हळूहळू गळतंय? एक गळेल. दोन्ही मागचे टायर एकाच दिवशी, सारखेच गळले? पोरी, मी ह्या गावात जन्मलोय. ती समोर गाडी उभी आहे ना, ब्रेट बसलाय ती, मघापासून तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघतोय, चीज तळणाऱ्या बाईकडे तर असा बघतोय की लग्नच करेल तिच्याशी – त्याच्या पायाशी गोणपाटाखाली काय आहे? हवेची टाकीच ना? बोलू नकोस. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात, लहानपणापासून.

सगळेच करतात म्हणतेस. नाही करत सगळे. आठ-दहा जण करायचे, आता त्यांच्यातलेही नाही करत. मापायच्या वेळी टायर मऊ ठेवायचे म्हणजे कडी खाली बसते, वीस भरते, ऑर्लिन खडू लावतो. मग गुरांच्या गोठ्यामागे जाऊन दगडासारखी हवा भरायची – कडी दोन बोटं वर. कडी जितकी उंच तितका गाडा तुझ्या मागच्या चाकांना जमिनीत दाबणार, तितकी पकड, शेवटच्या टप्प्यात गाड्यावरची वजनाची पेटी पुढे सरकत येते, गाडा जड होत जातो तेव्हा बाकीचे जागेवर चाकं फिरवत बसणार आणि तू पुढे. पप्पांनी शिकवलं ना? शिकवलं असणारच. त्याला त्याचा फार अभिमान. मापायला मऊ जायचं, ओढायला टणक जायचं – हे वाक्य मी त्याच्या तोंडून बियरच्या तंबूत किती वेळा ऐकलंय, आणि दरवेळी तो माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

दांडे आहेत आता, म्हणतेस. आहेत ना. पण दांडेही जमिनीपासूनच मापतो मी, नाही का? टायर वर गेले की दांडेही वर गेले. जिथे अडवायला हवं त्याच्या पुढे जाऊन अडवणार. आणि दोन लोखंडी नळ्या आहेत त्या, देवदूत नाहीत. वाकलेले दांडे मी बघितलेत.

नाही, तुझ्या बापाचं वेगळं नव्हतं. – क्लच अडकला नव्हता, कॅरिन.

…

हे मी बोलायला नको होतं. बस. त्या टायरवर नको, इथे बस, माझ्या खुर्चीवर बस. लिंबू सरबत आणवू का? बरं.

आता अर्धवट ठेवून चालायचं नाही, नाहीतर तू रात्रभर स्वतःच जुळवत बसशील आणि चुकीचं जुळवशील. क्लच मी उघडून बघितला होता. दुसऱ्या दिवशी, तुमच्याच कोठारात, मी आणि झेंडेवाला हॅरॉल्ड. नवा होता क्लच, तुझ्या बापाने वसंतातच बसवलेला, काही म्हणजे काही झालं नव्हतं त्याला. झालं इतकंच – गाडा जड होत गेला, पुढची चाकं उचलली, आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांना आवडतं ना ते, चाकं हवेत गेली की. घोडा उभा राहिल्यासारखं दिसतं. हॅरॉल्डने लाल झेंडा खाली आपटला, पण तुझा बाप झेंड्याकडे बघत नव्हता, त्याला वाटलं अजून हातभर, अजून हातभर – पाय क्लचवर यायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळच नसतो, पोरी. शिंक येऊन जाते तेवढ्यात होतं. कडी वीसवर असती तर गाड्याने त्याला खाली खेचून धरलं असतं. मी नंतर मापली ना कडी. उलटलेल्या ट्रॅक्टरचीच मापली, चाकाच्या कडेपासून हिशोब करून. टायर असे होते – वाजवले तर ढोल वाजावा.

सगळ्यांना क्लच सांगितलं. हो, आम्हीच सांगितलं. पाद्रीबुवांना, पेपरवाल्याला, तुला. यंत्राचा दोष. यंत्राला काय, त्याला लाज नसते की झोप नसते. – का म्हणजे? सांगायला सांगितलं म्हणून. – कुणी म्हणजे – ते सोड ना आता. तू मूळ मुद्दा बघ, टायरचा –

डार्लीनने. तुझ्या आईने.

नाही, फसवायचं म्हणून नाही गं, तुला फसवून तिला काय मिळणार होतं? बघ, तू तेव्हा तिकडे शहरात, मॅडिसनला होतीस, त्या वर्षी जत्रेला आली नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही. तुझा बाप हवा भरायला एकटा थोडाच जाणार. टाकी कोण धरणार, नळी कोण लावणार, माप कोण बघणार? तो सीटवर बसून खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, अजून थोडी, डार्ली, अजून थोडी. दरवर्षी. लग्न झाल्यापासून दरवर्षी. तिला त्यात काय गैर, तिच्या लेखी तो त्यांच्या दोघांचा खेळ होता. आणि त्या दिवशी हवा भरून झाल्यावर ती नळी गुंडाळत तिथेच गोठ्यामागे राहिली. तिथून मैदान दिसत नाही. तिला फक्त टाळ्या ऐकू आल्या. एवढ्या टाळ्या म्हणजे आपला जिंकलाच की – म्हणून ती धावत आली गोठ्याला वळसा घालून, नळी तशीच खांद्यावर, आणि – आणि ती टाळ्या वाजवत आली, कॅरिन. लोकांचं वाजवणं थांबलं होतं तोवर. तिचं नव्हतं थांबलं.

ती नळी मी काढून घेतली तिच्या खांद्यावरनं.

म्हणून क्लच. तिने फक्त एवढंच मागितलं, की पोरीला नका सांगू. आम्ही समितीचे लोक हिवाळ्यात बसलो नियम बदलायला – दांड्यांचा केला, झेंड्याचा केला, दोरीचा केला. टायरचा नाही केला. हवेचा दाब लिहायला पेन उचललं हॅरॉल्डने आणि परत ठेवलं. कारण लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, हा नियम कशावरून आला? छोट्या गावात नियम वाचला की लोकांना नाव दिसतं. म्हणून टायरचा नियम कागदावर नाही. तो ह्या अंगठ्यात आहे. माझ्यानंतर काय करायचं, मला माहीत नाही.

आणि आज मी तुला सांगून बसलो. बघ कसं असतं. दोन वर्षं तोंड शिवून ठेवलं आणि मऊ टायर बघितल्याबरोबर –

चिडू नकोस तिच्यावर. घरी जाऊन काही बोलू नकोस. किंवा बोल, तुमचं तुम्ही बघा, मी कोण सांगणार. पण आधी तिकडे बघ जरा. त्या गाडीकडे. ब्रेटकडे. चांगलं पोरगं आहे ते, तुझ्यासाठी गोठ्यामागे काय, नरकात जाऊन हवा भरून आणेल. तुला डार्लीनचं कसं चाललंय दिसतंय ना? चर्चला येते, मागच्या बाकावर बसते, भजन संपायच्या आत उठून जाते. मेलेल्याचं एकदाच होतं. नळी धरणाऱ्याचं संपत नाही. त्या पोराला तू तसं करून ठेवणार आहेस का? – मग? नाही ना? मग झालं.

हाक मार त्याला. टाकी घेऊन ये म्हणावं, गोणपाटाबिणपाट नको, सरळ हातात घेऊन ये. – ये रे ब्रेट, ये, मी खात नाही. लाव नळी. इथे, माझ्यासमोर. हिच्या बापाच्या हिशोबाने भर, जितकी भरणार होतास तितकी. – हां. – अजून. – बास. आता हा अंगठा बघ, बसतोय का आत? आता तूच माप, कॅरिन, माझ्या हाताने नको. वाच मोठ्याने. – वीस आणि वर दोन बोटं. बरोबर? त्याच्याइतकीच. कशी नसेल, त्याच भोकात तोच बोल्ट आहे.

तो काढावा लागेल. हो, तोच. खालच्या भोकात घे कडी.

मला कळतंय गं. सगळा ट्रॅक्टर घासलास, रंगवलास, आणि एवढ्यावर ब्रश नाही फिरवलास. शेवटचा पाना त्याचा लागलेला. पण त्याने तो तिथे का लावला, ते आता तुला माहितेय. नाही, मी नाही सोडवणार. ब्रेट, तूही हात लावू नकोस. हा घे पाना, तूच सोडव. नसेल सोडवायचा तर कोठारात ने परत, मी अडवत नाही, नुसता बघायला ठेव – तसाही चांगला दिसतो. पण ओढायचं असेल तर तो बोल्ट खाली येणार.

– हां. उलट्या बाजूला. गंजलाय, जोर लाव. – रड हवं तर, पाना घसरू देऊ नकोस म्हणजे झालं, बोटं सोलतील. – आला. ठेव खिशात. ठेव, ठेव, दुसरा देतो मी, माझ्या पेटीत आहे. घट्ट कर. माप आता. – एकोणीसला जरा कमी. चालेल. जिंकणार नाहीस, सांगून ठेवतो. स्कोगन तुला मागे टाकेल, चपलावाला. टाकू दे.

डार्लीन आलीय का? – आलीय? कुठे बसवलंस तिला? – हां, दिसली. निळा स्वेटर. तू खूप आग्रह केला असशील. बरं मग ऐक, हे शेवटचं, मग जा. चेन ताठ होईस्तोवर हळू. हॅरॉल्डच्या झेंड्यावर डोळा. आणि मध्येच वाटेल ना, की जरा दाबला तर पुढची चाकं उचलतील, लोक टाळ्या वाजवतील – नको. जमिनीवर ठेव चाकं. तिला ती पूर्ण वेळ जमिनीवर दिसू देत.

हा लागला खडू. जा. – आणि तिकडे बघू नकोस आता, समोर बघ. जा म्हटलं ना.

पुढे कोण आहे? ये, घे पुढे. – नाही, इंजिन बंद कर आधी.