भिकोबा गुरुजींच्या कपाटातली पूजा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न टाकतो. गुरूला 'मला येत नाही' असं म्हणता येतं का? म्हटलं, तर त्याचं गुरुपण राहतं की गळून पडतं? — मागून कोण म्हणालं 'गळून पडतं'? बरं! बसा. पाहू काय काय गळतं ते.

वाकडदरा नावाचं गाव. तिथल्या शाळेत भिकोबा टेकाळे गुरुजी. सदतीस वर्षं नोकरी, आणि दरारा असा की गुरुजी रस्त्यानं निघाले की कावळेसुद्धा तारेवर उंचीप्रमाणे बसायचे! खोटं वाटतं? या पेटीवाल्याला विचारा. तोही खोटंच सांगेल!

तर या शाळेला सरकारनं दहा टॅब धाडले. पाटीएवढे, काळेभोर, चकचकीत. आणि आले कधी? नेमके खंडेनवमीला! त्या दिवशी आपण हत्यारं पुजतो की नाही? गुरुजींनी टॅब कपाटात मांडले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, गूळ-खोबरं ठेवलं. पोरं म्हणाली, "गुरुजी, लावून बघू?"

"खबरदार! पूजेतलं हत्यार आज चालवत नसतात!"

बरोबर आहे! रीतीला धरून आहे. पण दसरा उजाडला, तरी गुरुजींनी उत्तरपूजा काही केली नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. कुणी विचारलं की एकच उत्तर — "पूजेत आहे." आणि कपाटाची किल्ली कुठं? करगोट्याला! अंघोळीलासुद्धा सुटायची नाही.

का हो असं? आत काय दडलं होतं, सांगू? भीती! टॅब सुरू कुठून करायचा, हेच गुरुजींना ठाऊक नव्हतं. सदतीस वर्षं ज्यानं गावाचे कान पिळले, त्यानं आता विचारायचं कुणाला?

अकरा महिने असे गेले. भादव्यात पत्र आलं — 'पंधरा दिवसांनी साहेब तपासणीला येतील. जिथं मुलं टॅब वापरत नाहीत, तिथले टॅब दुसऱ्या शाळेला देण्यात येतील.'

झालं! दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी कपाट उघडलं. आत मुंग्यांची जत्रा! गुरुजींनी एक टॅब फुंकला, पुसला, दिसेल तिथं दाबला. मिट्ट काळा. दुसरा — काळा. दहाच्या दहा काळे! गुरुजी खुर्चीत बसून पुटपुटले, "मारले मी. हात न लावता मारले."

पहिल्या बाकावर सातवीतली कौसा, लोहाराची लेक. ती उठली. "गुरुजी, रागवणार नसाल तर बोलू?"

"बोल."

"आमचा बा पण खंडेनवमीला ऐरण पुजतो. पण दसऱ्याला भट्टी पेटवतो. नाही पेटवली तर खायचं काय? अन् हे टॅब मेले नाहीत, गुरुजी. अकरा महिन्यांचे उपाशी आहेत. चार्जिंगला लावा."

गुरुजी उठले. पोरांना वाटलं, आता छडी निघणार. निघाला खडू! फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — 'मला हे येत नाही.' खाली सही ठोकली! आणि कौसाशेजारी बाकावर जाऊन बसले.

"हं, कौसाबाई. शिकवा."

दुपारी टॅब जागे झाले. "गुरुजी, हळू! हलकं बोट लावायचं. तो काय माझा कान आहे?" वर्ग खदखदून हसला — आणि सगळ्यात मोठ्यानं कोण? गुरुजी!

चौथ्या दिवशी एकच गलका. "गुरुजी, आपल्या गावाला किल्ला आहे! सात बुरूज! यात लिहिलंय!"

"असं? चला, दाखवा मला."

पोरांनी गाव पालथं घातलं. बुरूज राहिले बाजूला, एक ढासळलेला गोठा तेवढा सापडला! मग गुरुजींनी विचारलं, "हे लिहिलं कुणी? त्यानं गाव पाहिलं का? आणखी कुठं असंच लिहिलंय का?" पोरांनी पुन्हा शोधलं. तो वाकडदरा निघाला दुसऱ्याच जिल्ह्यातला!

बघा हं! बोट फिरवणं पोरांना येत होतं, शंका घेणं गुरुजींना. दोन्ही एकत्र आलं आणि शाळा खरी सुरू झाली. पोरांनी घरोघर फिरून, विहिरी मोजून, ऐरणीचा फोटो काढून, आपल्या गावाची खरी माहिती मराठीत टाइप केली.

साहेब आले. "गुरुजी, चालवून दाखवा."

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, मी अजून कच्चा आहे. आमच्या बाई दाखवतील." आणि कौसाला पुढं केलं!

साहेबांनी अर्धा तास पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. गुरुजींचा जीव टांगणीला! शेवटी साहेब कौसापाशी वाकले, आवाज बारीक करून म्हणाले, "पोरी, हे मराठीत टाइप कसं करतात गं? माझं सगळं आमचा शिपाई करून देतो."

कौसा म्हणाली, "गुरुजी, सरका थोडं. साहेबांना बसू द्या."

टॅब राहिले शाळेतच! आणि गुरुजींचं काय गळालं, मंडळी? नुसती भीती गळाली. तीही दोघांची — त्यांची अन् पोरांची. त्या दिवसापासून वर्गात प्रश्नांचा असा पाऊस, की गुरुजी छत्री घेऊन यायचे!

आता तुमच्याकडं वळतो. हे तिसऱ्या रांगेतले आबा! मघाशी तुमचा फोन वाजला. बंद करता येईना, म्हणून त्याच्यावरच मांडी घालून बसलात. अजून गुरगुरतोय बिचारा! शेजारी नात बसलीय ना? काढा फोन. म्हणा तिला, "बाई, मला येत नाही. दाखव."

म्हणा, म्हणा. मी थांबलोय. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. आबांचं होऊ द्या. मग विठ्ठलाचा गजर!