रिव्हॉल्वरच्या बाजूने एक पत्र

तुळशीराम : ...तिसरा मुद्दा लिही. गोळी फुसकी निघाली तर पिस्तूलवाला अडकतो. नळीवरची स्लाइड मागं ओढा, ती गोळी बाहेर काढा, मग दुसरी येणार. रिव्हॉल्वरवाला नुसता परत चाप दाबतो. चक्र फिरतं, पुढची गोळी समोर हजर. लिहिलंस?

सिदरा : लिहिलं. काका, जरा भरभर सांगा ना. उद्या अकराला चौकशी आहे. पत्र आजच साहेबांच्या टेबलावर पडायला हवं.

तुळशीराम : बावीस वर्षं ठाण्याची हत्यारं सांभाळली मी, आणि कधी घाई केली न्हाय. चौथा मुद्दा. पिस्तुलाला मनगट घट्ट लागतं. ढिलं धरलंस की उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी मधेच अडकते. रिव्हॉल्वरला तुझ्या मनगटाची पर्वा न्हाय. थकलेला माणूस असो, घाबरलेला असो, ते चालणार.

नलू : सिदरा, एका जागी बस गं बाय. उभ्यानं लिहितेस, मधेच ओट्यावर जातेस, परत येतेस. माझ्या सुकटीवर पाय पडंल.

सिदरा : बसते काकी. रेवदंड्याहून शेवटची रिक्षा चुकली तर पंचाईत होईल, म्हणून.

नलू : दुपारचे तीन वाजलेत. रिक्षा कुठं पळून चालल्यात?

तुळशीराम : नलू, मधे बोलू नको. बाई माझा शब्द लिहून घ्यायला आलीय. नोकरीभर ओरडून सांगत होतो, समुद्राकाठच्या ठाण्याला रिव्हॉल्वर बरं. सगळे हसायचे. म्हणायचे, तुळशीरामला म्हातारं हत्यार आवडतं.

नलू : सहाच गोळ्या मावतात म्हणून हसत असतील.

तुळशीराम : सहा पुरतात. माझ्या सगळ्या नोकरीत एक बी लागली न्हाय. भरायला वेळ लागतो हे कबूल, चाप जड असतो हे बी कबूल. तेही लिही सिदरा, खोटं नको. पण चक्र उघडलं की सहा घरं डोळ्यांसमोर. भरलेलं हाय का रिकामं, पोरगं बी सांगेल. पिस्तूल पोटात काय ठेवतं ते दाखवत न्हाय.

सिदरा : हेच, काका. हेच मुख्य आहे. हे वर लिहू?

नलू : पण झालं काय ते मला कुणी नीट सांगितलंच न्हाय. मी लेकीकडे, किशोरीकडे होते, परत येते तर गावभर तुझंच नाव.

सिदरा : काय सांगू काकी. काशीदचा बंदोबस्त संपला, आम्ही हत्यारं जमा करत होतो. जमा करताना पिस्तूल रिकामं करून दाखवावं लागतं. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, चाप दाबला. नुसतं टक वाजायला हवं होतं. गोळी सुटली आणि रतन हवालदारांच्या पावलात घुसली.

नलू : अगं बाय माझे. आता बरा हाय का तो?

सिदरा : घरी सोडलंय. काठी घेऊन चालतात.

तुळशीराम : आत अडकलेली गोळी ओढून काढायला स्लाइडला एक नखी असते, नलू. ती गंजली, झिजली, तर गोळी आतच राहते. आपल्या खाऱ्या हवेत हे व्हायचंच.

नलू : मग ती नखी बघायचं काम कुणाचं?

सिदरा : शस्त्रागारवाल्याचं. चिराग बघतो आता.

नलू : आपला चिराग? ह्यांच्या हाताखाली शिकला तोच ना? त्याचं काय केलं मग?

सिदरा : निलंबित आहे. आदल्या आठवड्यात त्यानंच ते पिस्तूल तपासून ठीक आहे म्हणून सही केली होती.

तुळशीराम : वाईट वाटतं गं. पोरगा नीट होता. मी त्याला नखीवर बोट फिरवून बघायला शिकवलं होतं, विसरला असेल. बरं, पाचवा मुद्दा त्याच नखीचा. तो मोघम नको, साहेब नवीन हायत. तू नेमकं काय केलंस ते एकदा करून दाखव, तसंच शब्दात मांडू.

सिदरा : सांगितलं ना आत्ता.

तुळशीराम : तोंडानं न्हाय, हातानं. हातात पिस्तूल हाय असं धर. कमरेपासून काढ आणि रिकामं कर.

(सिदरा रिकाम्या हातांनी करून दाखवते.)

तुळशीराम : परत.

सिदरा : झालं की काका. लिहू आता?

तुळशीराम : परत कर. माझ्याकडे बघू नको, तिकडं नारळीकडे बघ. हां. आणखी एकदा.

सिदरा : काय चाललंय तुमचं? उशीर होतोय मला.

तुळशीराम : तीनदा केलंस. तिन्ही वेळा आधी स्लाइड ओढलीस आणि मग मॅगझिन काढलंस.

सिदरा : हवेत करताना कुणाला भान असतं?

तुळशीराम : हवेत हात खोटं बोलत न्हाय. सवयीनं चालतो.

नलू : पण त्यात बिघडलं काय? आधी हे केलं काय आन् मग ते केलं काय.

तुळशीराम : मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की वरची गोळी नळीत जाऊन बसते. मग मॅगझिन काढून काय उपयोग? ती आतच. चाप दाबला की सुटणार. नखीचा काय संबंध न्हाय. चिरागचा बी न्हाय.

सिदरा : काका...

तुळशीराम : त्या दिवशी असंच केलंस ना?

सिदरा : चौदा तास उन्हात उभी होते. रतनदादा काहीतरी विचारत होते, मी त्यांच्याकडे बघून बोलत होते. रिकामं करताना वाळूच्या पेटीत नेम धरायचा असतो, तेही राहिलं. आवाज झाल्यावर समोर मॅगझिन पडलेलं बघितलं आणि ते मी नंतर काढलं, हे लगेच कळलं. अल्लाह जाणतो, लगेच कळलं मला.

नलू : मग सांगितलं का न्हाईस?

सिदरा : साहेबांनी विचारलं, पिस्तुलात काही बिघाड होता का? मी हो म्हटलं. एवढंच. काकी, आमच्या मोहल्ल्यातून पोलिसात गेलेली मी पहिली मुलगी. अब्बा सगळ्यांशी भांडले माझ्यासाठी. आता तेच लोक दारात येऊन म्हणतील, आम्ही सांगत नव्हतो?

तुळशीराम : आणि माझ्याकडे का आलीस? खरं सांग. चिरागचा गुरू बोलला की साहेब पुढं विचारणार न्हायत, म्हणून ना?

सिदरा : हो.

तुळशीराम : शाब्बास.

सिदरा : पण तुम्ही सांगितलेलं एकही वाक्य खोटं नाही. रिव्हॉल्वर असतं तर त्या दिवशी हे झालंच नसतं. चक्र उघडलं असतं, गोळ्या दिसल्या असत्या. आधी काय, मग काय, हा घोळच नाही त्यात. सांगा, नसतं ना झालं?

तुळशीराम : नसतं झालं.

सिदरा : मग सही करा ना. चिरागला नंतर परत घेतील, त्याच्या चुलत्यांची वर ओळख आहे. मला कोण आहे?

नलू : करताय का सही?

तुळशीराम : माझीच मला लाज वाटते. नलू, हे पत्र मला हवंय गं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं म्हणणं लिहून मागितलं. मघाशी ती हात फिरवत होती ना, पहिल्याच वेळी मला दिसलं होतं. उरलेल्या दोन वेळा मी देवाजवळ मागत होतो, मला चुकीचं दिसलेलं असू दे.

नलू : आता?

तुळशीराम : आता काय. चिरागच्या बायकोला सातवा महिना हाय, आणि मी त्याला विसरभोळा म्हणून मोकळा झालो. सिदरा, रिव्हॉल्वर बरं, हे मी मरेपर्यंत म्हणेन. रिव्हॉल्वर असतं तर हे टळलं असतं, हे बी सही करून देतो. पण त्याच्या वर, चूक माझी होती, असं तुझं एक वाक्य पायजे. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं.

सिदरा : माझी नोकरी जाईल?

तुळशीराम : ते मला ठाऊक न्हाय. शिक्षा होईल. खोटं बोललीस त्याची जास्त होईल.

नलू : पाणी पी आधी.

सिदरा : तीन आठवडे तोच आवाज कानात आहे काकी. मला वाटलं, पिस्तूल सुटलं हातातून की थांबेल. म्हणून रिव्हॉल्वर मागत होते.

तुळशीराम : लिहितेस?

सिदरा : लिहिते. पण साहेबांच्या आधी चिरागला कळू दे. काका, त्याचा नंबर तुमच्याकडे असेल. माझ्याकडचा मी पुसून टाकलाय.

तुळशीराम : हा घे. मीच लावून देतो.

सिदरा : ...चिराग? मी सिदरा. काकांच्या फोनवरून बोलतेय. ऐक, उद्या अकराला तूही ये चौकशीला... कशाला ते तिथं सांगते... नाही, थांब. आत्ताच सांगते. फोन ठेवू नकोस.